कॅडमियमवर सहा पिढ्या काढलेल्या अळ्यांच्या पेशी खरंच सरावल्या का?

प्रश्न निपाणीकडच्या एका एमएस्सीच्या पोराचा आहे. त्यानं तंबाखूवर पडणारी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा लिट्युरा, कॅडमियम क्लोराइड, म्हणजे कॅडमियम ह्या विषारी धातूचं मीठ, घातलेल्या हरभऱ्याच्या पिठाच्या खाण्यावर सलग सहा पिढ्या वाढवली. पहिल्या पिढीत निम्म्याहून जास्त अळ्या मेल्या, पाचव्या-सहाव्या पिढीत मर बरीच कमी झाली, पण रक्तपेशींची कॉमेट टेस्ट केली (तुटलेला डीएनए पेशीतनं शेपटीसारखा बाहेर सरकतो ती चाचणी) तर डीएनए अजून तुटलेलाच दिसतोय. त्याचं म्हणणं, मॅडम, जगतायत म्हणजे सरावल्या ना, मग डीएनए का तुटतोय, आणि थीसिसमधे अडॅप्टेशन, म्हणजे पिढ्यान्पिढ्या उतरणारं अनुकूलन, असं लिहू का नको?

हे बघ गा, अजून लिहू नकोस. तुझं काम चांगलं आहे, सहा पिढ्या म्हणजे सहा-सात महिने रोज खाणं बदलणं, विष्ठा काढणं, कोष वेगळे करणं, हे मला ठाऊक आहे, मी वीस-बावीस वर्षं हेच केलंय. पण मर कमी झाली एवढ्यावरनं पेशीत काय बदललं ते कळत नाही, कारण मर कमी व्हायला चार-पाच वेगवेगळी कारणं असतात आणि त्यातलं एकच कारण म्हणजे खरं अनुवंशिक अडॅप्टेशन. तू जे बघितलंस ते सगळं एकात एक मिसळलेलं आहे, ते सोडवायला पायजे.

आधी पेशीत काय होतं ते सांगते. अळीनं कॅडमियम खाल्लं की ते पहिल्यांदा आतड्याच्या मधल्या भागातल्या पेशींना भेटतं. कॅडमियमसाठी पेशीनं वेगळं दार ठेवलेलं नाही, ते कॅल्शियम, जस्त, लोह यांच्या दारातनं आत शिरतं कारण दिसायला त्यांच्यासारखंच आहे. आत गेल्यावर ते जिथं गंधकवाला गट असेल तिथं चिकटतं, पहिल्यांदा ग्लुटाथायोनला, म्हणजे पेशीतली ऑक्सिजनची झळ विझवणाऱ्या छोट्या रेणूला, मग ज्या प्रोटीनमधे जस्त बसलेलं असतं तिथं जाऊन जस्ताला उठवून स्वतः बसतं. ग्लुटाथायोन खर्ची पडलं की मायटोकॉन्ड्रियातनं, म्हणजे पेशीच्या वीजघरातनं, रोज जो थोडाफार ऑक्सिजनचा उपद्रव निघतो तो आवरायला कुणी उरत नाही. म्हणजे कॅडमियम स्वतः आग लावत नाही, ते विझवणाऱ्यांना कामाला लावून ठेवतं, हे डोक्यात ठेव, तुझ्या कॉमेटचं उत्तर यातच आहे.

यावर पेशीचा मुख्य उपाय म्हणजे मेटॅलोथायोनीन. हे प्रोटीन पहिल्यांदा १९५७ मधे घोड्याच्या मूत्रपिंडातनं काढलं, आणि तेही कॅडमियम धरून बसलेलं सापडलं. सस्तन प्राण्यांतल्या ह्या प्रोटीनमधे साठेक अमिनो आम्लांपैकी वीस एकटी सिस्टीन, म्हणजे गंधकवालं अमिनो आम्ल, असतात, म्हणजे तिसरा हिस्सा नुसता धातू धरायच्या हातांचा. फळमाशीत त्याची लहान भावंडं आहेत, एमटीएन-ए, बी, सी, डी असं म्हणतात, त्यात ए जास्त करून तांब्यासाठी आणि बी कॅडमियमसाठी महत्त्वाचं. ही जीन चालू करणारं प्रोटीन एमटीएफ-वन, ते जीनच्या पुढच्या ठराविक तुकड्यावर जाऊन बसतं. ज्या माश्यांत हे एमटीएफ-वन काढून टाकलंय त्या साध्या खाण्यावर जगतात पण खाण्यात तांबं नायतर कॅडमियम जरा वाढवलं की मरतात. हा सगळा प्रतिसाद काही तासांत उभा राहतो, पिढ्या लागत नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण देते म्हणजे पटेल. अथणीकडचे द्राक्षवाले बोर्डोच्या फवाऱ्यासाठी मोरचूद, म्हणजे तांब्याचं मीठ, आणतात की नाही, एक टक्क्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, तेच मोरचूद आम्ही लॅबमधे फळमाशीच्या एस-टू पेशींना देतो. ह्या पेशी १९७२ मधे श्नायडर बाईंनी माशीच्या भ्रूणातनं काढल्या. त्यात आपल्याला हवं ते जीन एमटीएन-एच्या स्विचच्या मागं जोडायचं आणि ५०० मायक्रोमोलर मोरचूद टाकायचं, की दुसऱ्या दिवशी प्रोटीन तयार. म्हणजे धातू आला की स्विच चालू, इतकं हे पक्कं आहे की त्यावर लोक धंद्याचं प्रोटीन बनवतात. त्यामुळं तुझ्या सहाव्या पिढीच्या अळीत मेटॅलोथायोनीन जास्त दिसलं तरी त्यानं अडॅप्टेशन सिद्ध होत नाही, पहिल्या पिढीतल्या अळीतही ते वाढलेलंच असणार.

मेटॅलोथायोनीनशिवाय आतड्याच्या पेशी धातू गोळ्यांमधे, म्हणजे बारीक कणांत बांधून ठेवतात, कॅडमियम बहुतेक गंधकवाल्या कणांत जातं. काही प्राण्यांत कात टाकताना आतड्याचं अस्तरही बदलतं, जुन्या पेशी गळतात, त्यांच्याबरोबर कण बाहेर. कोलेम्बोला म्हणून सहा पायाचे बारीक प्राणी असतात, कुजलेल्या पानात उड्या मारतात, त्यातल्या ऑर्केसेला सिंक्टावर नेदरलँड्समधे पुष्कळ काम झालंय. तो प्रत्येक कातीला असाच कॅडमियम फेकतो, आणि धातूच्या जागेवरचे त्याचे समूह मेटॅलोथायोनीन मुळातच जास्त बनवतात. हे मात्र खरं अनुवंशिक अडॅप्टेशन. फळमाशीतही १९८० च्या दशकात रानातल्या माश्यांत मेटॅलोथायोनीनच्या जीनच्या जोडप्रती सापडल्या, एकाच्या जागी दोन, आणि अशा माश्या तांबं आणि कॅडमियम जास्त सोसतात. पेशी वाढवणाऱ्यांनी तर हे काचेच्या बाटलीत बघितलंय, १९८१ मधे उंदराच्या पेशी हळूहळू कॅडमियम वाढवत वाढवल्या आणि टिकलेल्या पेशींत ते जीन अनेकपट झालेलं निघालं.

आता तुझ्या सहा पिढ्यांवर येऊ. मर कमी झाली, त्याची कारणं मी माझ्या अनुभवाच्या क्रमानं सांगते.

पहिलं, जे पोरं सगळ्यात जास्त विसरतात. तू अळ्या रानातनं आणलेल्या, आणि रानातली अळी पिठाच्या खाण्याला आधी नको म्हणते. पहिल्या पिढीत कॅडमियम नसलं तरी बऱ्याच मरतात, चार-पाच पिढ्यांत ज्या पिठावर तगतात त्यांचीच वंशावळ उरते. म्हणजे सराव पिठाचा झाला, कॅडमियमचा नव्हे. तुझ्या कंट्रोल लाइनची, म्हणजे कॅडमियम न दिलेल्या वंशाची, पहिल्या पिढीतली मर आणि सहाव्या पिढीतली मर दोन्ही काढ. कंट्रोलमधेही तेवढीच कमी झाली असेल तर तुझी अर्धी गोष्ट तिथंच संपली. आणि तुझा हातही सुधारला असेल, पहिल्या महिन्यात आम्ही सगळेच अळ्या उचलताना चेंगरतो.

दुसरं, आईनं अंड्यात काय भरलं. कॅडमियम खाल्लेल्या आईच्या अंड्यात धातू थोडा जातो का जात नाही ते किड्यागणिक वेगळं, पण अंड्याचा आकार, त्यातला साठा, आईनं तयार करून ठेवलेले आरएनए आणि प्रोटीन, ग्लुटाथायोन, हे सगळं आईच्या परिस्थितीवर अवलंबून. हा फायदा एक-दोन पिढ्या टिकतो आणि धातू बंद केला की जातो. यातली एक बारीक गोष्ट सांगते, परीक्षक विचारतात. आई कॅडमियमवर असते तेव्हा तिच्या पोटातली अंडी म्हणजे पुढची पिढी, तीही कॅडमियममधेच असते. म्हणजे खाणं साफ केल्यावरची पहिली पिढी खऱ्या अर्थानं कोरी नव्हे, दुसरी पिढी पहिली कोरी. माव्यात तर आणखी एक पायरी पुढं जावं लागतं. २००२ मधे सांगलीकडनं आपल्या चिकोडी-अथणीच्या उसावर जो लोकरी मावा आला तो आठवतो का, तू लहान असशील, त्या माव्यांत आजीच्या पोटात आई आणि आईच्या पोटात नात अशी एकात एक तयार असतात, तिथं दोन पिढ्यांनी भागत नाही.

तिसरं, खरी निवड. दर पिढीत निम्म्या मेल्या तर उरलेल्यांची निवड जोरात होते, आणि सहा पिढ्यांत फरक पडू शकतो, पण निवडायला आधी वेगवेगळेपण पायजे. तू सुरुवात किती अंडीपुंजक्यांनी केलीस? एका पुंजक्यात दोनशे-तीनशे अंडी असतात, बघायला भरपूर, पण सगळी सख्खी भावंडं. एकाच पुंजक्यातनं लाइन उभी केली असेल तर निवडायला काही नाही आणि वर आंतरप्रजननानं अळ्या कमजोर. किमान पंधरा-वीस पुंजके, ते पण वेगवेगळ्या रानांतले, आणि कॅडमियमच्या तीन स्वतंत्र लाइनी, कंट्रोलच्या तीन. एका लाइनीत जे दिसतं तो योगायोग असू शकतो, तिन्हीत एकाच दिशेनं सरकलं तर बोलायचं. आणि दोन्हीकडं पुढच्या पिढीला जोड्या सारख्याच लाव, कॅडमियमकडं वाचल्यात तीस आणि कंट्रोलमधे तीनशे असं करू नकोस.

चौथं एक कारण आहे, एपिजेनेटिक म्हणतात ते, म्हणजे जीन तेच पण त्यावरच्या खुणा बदलतात. पोरं हल्ली मागं-पुढं न बघता डीएनए मिथायलेशन, म्हणजे त्यातलीच एक खूण, लिहितात. फळमाशीत ते करणारी नेहमीची एन्झाइमं, डीएनएमटी-वन आणि थ्री, नाहीतच, मधमाशीत आहेत. किड्यागणिक वेगळं आहे म्हणून स्वतः मोजल्याशिवाय ते वाक्य लिहू नकोस, एवढंच सांगते आणि पुढं जाते.

आता तुझा खरा प्रश्न, जगतायत तर डीएनए का तुटतोय. कारण जगणं आणि पेशी निरोगी असणं या दोन गोष्टी आहेत. मघाशी म्हटलं तसं कॅडमियम डीएनए थेट कमी तोडतं, ते दुरुस्ती बंद पाडतं. २००३ मधे यीस्टवर दाखवलंय की कॅडमियम डीएनएच्या चुका सुधारणारी यंत्रणाच थांबवतं, आणि दुरुस्ती करणाऱ्या कित्येक प्रोटीनमधे जस्त असतं त्यामुळं ते पटतंही. रोज जी मोडतोड होते ती होतच राहते, शिवणारा शिंपी मात्र हात बांधून बसलेला. निवड कशाची झाली, कोषात जाऊन पतंग होऊन अंडी घालेपर्यंत टिकणाऱ्यांची. तेवढ्या महिनाभरात रक्तपेशींचा डीएनए थोडा फाटका असला तरी चालतं, म्हणून निवड तिकडं बघतच नाही. पोलंडमधे कातोविसच्या सायलेशिया विद्यापीठात तुझ्या अळीची चुलत बहीण स्पोडोप्टेरा एक्झिग्वा शंभराहून जास्त पिढ्या कॅडमियमवर ठेवलीय, आणि तिथलेही लोक जगणं आणि डीएनए स्थिर राहणं यातल्या ओढाताणीवरच काम करतात. त्यामुळं तुझा निकाल चुकलेला नाही, उलट मला तुझ्या कामात तोच सगळ्यात मोलाचा वाटतो, तो लपवू नकोस.

फक्त कॉमेट नीट केलीस का ते तपास. अळीचं रक्त हवेत काळं पडतं, काळं पडणं रोखणाऱ्या फिनाइलथायोयुरियाचा थोडा अंश बर्फावरच्या बफरमधे नसेल तर पेशी काळ्या होता होता स्वतःच डीएनए तोडून घेतात आणि आपण कॅडमियमला दोष देतो. पिवळ्या मंद उजेडात कर. एक स्लाइड हायड्रोजन पेरॉक्साइड दिलेल्या पेशींची ठेव, शेपूट कशी दिसते ते कळायला. बघणाऱ्याला कोणती स्लाइड कुठली ते माहीत नसावं. आणि नुसती कॉमेट पुरत नाही, तिच्या जोडीला एचएसपी-७० (विस्कटलेली प्रोटीनं सावरणारं प्रोटीन) आणि मेटॅलोथायोनीन दोन्हीचे आरएनए मोज. एचएसपी-७० वाढलेलं म्हणजे प्रोटीनं अजून विस्कटतायत, घर पेटलेलं आहे. मेटॅलोथायोनीन वाढलेलं पण एचएसपी-७० खाली आलेलं, म्हणजे बंदोबस्त झालाय. दोन्ही वर असतील तर पेशी नुसती तग धरून आहे.

आता प्रयोग. सहाव्या पिढीच्या पतंगांनी घातलेली अंडी दोन वाट्यांत वाट, निम्मी कॅडमियमवर चालू दे, निम्मी साफ खाण्यावर दोन पिढ्या काढ. कंट्रोलचंही तसंच, निम्मी साफ, निम्मी नव्यानं कॅडमियमवर. दोन साफ पिढ्यांनंतर दोन्ही वंशांच्या अळ्या एकाच दिवशी, एकाच घाण्यातल्या खाण्यावर, कॅडमियमला दे. जुन्या कॅडमियम वंशाची अळी तेव्हाही कंट्रोलपेक्षा जास्त जगली तर अडॅप्टेशन लिही, छाती ठोकून लिही. फरक पुसला गेला तर तो आईचा नायतर त्याच जन्मातला सराव होता, तेही लिही, त्यात कमीपणा काही नाही.

आणि साफ खाण्यावरची कॅडमियम वंशाची अळी कशी वाढते ते बारकाईनं बघ, इथं फार छान गोष्ट दडलेली असते. बेल्जियम-नेदरलँड्स हद्दीवर डोमेल नावाची नदी आहे, जस्ताच्या कारखान्यांमुळं तिच्यात कॅडमियम-जस्त खूप. तिच्या गाळातली कायरोनोमस रिपेरियस ह्या डासासारख्या माशीची लाल अळी, आपल्या गटारात दिसते तसलीच, तिथं कॅडमियमला सरावली. पण तीच अळी लॅबमधे साफ पाण्यात आणली तर नीट वाढेना, तिला जस्त कमी पडत होतं. धातू पकडून बाहेर काढायची यंत्रणा इतकी तिखट झाली की गरजेचं जस्तही निघून जाऊ लागलं. सरावाची किंमत ती ही. म्हणून तुझ्या साफ लाइनीत कोषाचं वजन, अंड्यांची संख्या, वाढीचे दिवस मोज, आणि जमलं तर एका वाटीत जस्त थोडं वाढवून बघ, वाढ सुधारली तर तुझ्याकडं नुसतं निरीक्षण नाही, कारणही आलं.

त्याच डोमेलवर आणखी एक दिसलं, वरच्या साफ भागातल्या अळ्या वाहून खाली येत आणि सरावलेल्यांत मिसळत, म्हणजे निवड एकीकडं ओढते आणि पाणी दुसरीकडं. तुझा पतंग तर रात्रीत उडून लांब जातो. त्यामुळं निपाणीच्या तंबाखूतली अळी तिथल्या मातीला सरावलेली असेल असं मनानं धरू नकोस. पण एक धर, तंबाखूचं पान जमिनीतलं कॅडमियम ओढून घेतं हे जगभर माहीत आहे, म्हणजे तंबाखूवरनं आणलेली सुरुवातीची अळी कॅडमियमला अगदी अनोळखी नव्हे. सोयाबीनवरच्या अळ्याही सुरुवातीच्या घोळक्यात मिसळ आणि कुठनं आणल्या ते लिहून ठेव.

खाण्याबद्दल माझ्यावर बेतलेलं सांगते. एका लॅबमधे असताना आमच्या कंट्रोल माश्यांत मेटॅलोथायोनीन कॅडमियमवाल्यांइतकंच यायला लागलं. चार महिने आम्ही आरएनए मोजायचे प्रायमर बदलत बसलो, आरएनए परत परत काढला. शेवटी कळलं की खाणं थंड करायचे ट्रे जस्ताचा मुलामा दिलेले होते, खाणं आंबट, त्यात जस्त उतरत होतं आणि कंट्रोलच्या पेशी ते ओळखून स्विच चालू करत होत्या. चार महिन्यांचं काम टाकून द्यावं लागलं, तेव्हा फार वाईट वाटलेलं. तेव्हापासनं माझ्याकडं प्लास्टिक नायतर काच, नायट्रिक ॲसिडच्या दहा टक्के पाण्यात रात्रभर बुडवून धुतलेली. पिंजऱ्याची जाळी, नळाची पितळी तोटी, डिस्टिलेशनचं भांडं, सगळं बघ. माशीच्या खाण्याला गूळ घालतात, आपला गूळ लोखंडी काहिलीत शिजतो, घाण्यागणिक त्यातलं लोह-तांबं वेगळं, म्हणून पूर्ण प्रयोगाला एकाच ढेपेचा गूळ, एकाच पोत्याचं पीठ. तू पहिले दोन दिवस अळ्यांना एरंडाची पानं देतोस असं लिहिलंयस, ती कुठली? रस्त्याकडेची, नाल्याकाठची असतील तर आजच बंद कर, घरामागं कुंडीत एरंड लाव. आणि खाण्यात घातलेलं कॅडमियम आणि प्रत्यक्षात असलेलं एकच धरू नकोस, दर पिढीच्या खाण्यातली चिमूटभर सुकवून ठेव, धारवाड नायतर कोल्हापूर, जिथं एएएस नायतर आयसीपी-एमएस ह्या धातू मोजायच्या यंत्रांवर वेळ मिळेल तिथं एकदम मोजून घे. अळीचंही आतडं वेगळं, उरलेलं अंग वेगळं मोज, सगळी अळी वाटून मोजली तर पेशीनं धातू कुठं कोंडला ते हरवतं.

पेशींच्या लाइनीवर हेच करता येईल का असंही तू विचारलंयस. येतं, आणि आपल्याला ती परंपरा जवळची आहे, एडिस अल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांतनं पेशींची लाइन १९६७ मधे पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधेच उभी राहिली, आज जगभर डेंग्यूच्या कामात तिचाच क्लोन वापरतात. पण बाटलीतली पिढी म्हणजे पेशीचं नुसतं दुभंगणं, तिथं आई नाही, अंडं नाही, कात नाही, नर-मादीची सरमिसळ नाही. जीनच्या प्रती वाढल्या का, स्विच कायमचा चालू झाला का, हे बघायला लाइन उत्तम. आईनं काय दिलं, सरावाची किंमत काय, हे तिथं कळणार नाही. तुझा प्रश्न पिढ्यांचा आहे, म्हणून अळीच धर.

गाईड घाई करतायत असं दिसतंय. त्यांना सांग, दोन साफ पिढ्या आणि एक परीक्षेची, तीन महिने. तोपर्यंत कॉमेट आणि आरएनएचं काम होतंच. सहाव्या पिढीचे पतंग निघालेत म्हणालास ना, तर आज संध्याकाळीच निम्म्या जोड्या वेगळ्या बरणीत टाक, मधाचं पाणी ठेव, आणि त्यांची अंडी कॅडमियम न लागलेल्या बरणीत उबव. ह्या पतंगांनी अंडी घालून झाली की साफ लाइन सुरू करायची सोपी वेळ गेली.

पुंजके किती होते तेवढं कळव, त्यावर लाइनी किती करायच्या ते ठरवू.